नाव पुसले, मोल गेले

जुन्या लष्करी तलवारींचा धंदा : कारागीर आणि व्यापारी बंधूंनी काय जाणून घ्यावे?

मुंबईच्या जुन्या बाजारात आमच्या ओळखीचे एक दुकानदार आहेत. पितळी दिवे, जहाजाची घड्याळे, बंद पडलेले ग्रामोफोन असा त्यांचा माल. काही वर्षांपूर्वी एका मोडकळीस आलेल्या बंगल्याच्या सामानात त्यांना एक तलवार मिळाली. म्यान नव्हते, मुठीवरची तार सुटलेली होती आणि पाते काळे पडले होते. भंगारवाल्याने ती लोखंडाच्या भावाने देऊन टाकली. शेठनी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ती मोहल्ल्यातल्या शिकलगार चाचांकडे पाठवली. चाचांनी दोन दिवस खपून पाते आरशासारखे चमकवले. तोंड पाहून घ्यावे असे.

आम्ही दुकानात बसलो असतानाच पुण्याचे एक संग्राहक आले. वयस्कर गृहस्थ, खिशात भिंग. त्यांनी तलवार उजेडाला धरली, पाते दोन्ही बाजूंनी पाहिले, मग पात्याची पाठ पाहिली. मुठीजवळ अर्धा मुकुट आणि एका अक्षराची सावली तेवढी उरली होती. त्यांनी तलवार हळूच गादीवर ठेवली आणि म्हणाले, "शेठ, दोन दिवस आधी का नाही बोलावलेत?"

चाचा तेथेच उभे होते. त्यांनी विचारले, "साहेब, मग आम्ही गंज तसाच ठेवायला हवा होता का?"

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्हालाही देता आले नाही. चाचांनी काम मनापासून केले होते आणि तेच नडले. शिकलगारी हा आपल्यातल्या कित्येक घराण्यांचा पिढीजात धंदा. जुन्या मालाच्या बाजारातही आपले पुष्कळ बंधू आहेत. म्हणून आम्ही या विषयाची माहिती जमवली. ती येथे देत आहोत.

अधिकाऱ्याची तलवार वेगळी का?

इंग्रजी अमदानीतल्या तलवारी ढोबळ मानाने दोन जातींच्या. पहिली साध्या शिपायाची किंवा स्वाराची. ती सरकार देत असे. एकाच नमुन्याच्या हजारो तलवारी बनत. त्यांच्यावर कारखान्याचे, तपासनिसाचे आणि पलटणीचे ठसे असतात, माणसाचे नाव सहसा नसते.

दुसरी जात अधिकाऱ्याची. ब्रिटिश फौजेत अधिकाऱ्याला तलवार स्वतःच्या पैशाने विकत घ्यावी लागे. सरकार फक्त नमुना ठरवून देई. पाते कोणत्या कारागिराकडून घ्यायचे, त्यावर नक्षी किती काढायची, हे ज्याच्या त्याच्या ऐपतीवर आणि हौसेवर असे. त्यामुळे अशा तलवारीवर बनवणाऱ्याचे नाव व पत्ता, राजाची किंवा राणीची आद्याक्षरे, पलटणीचे चिन्ह, आणि नशीब असेल तर मालकाची आद्याक्षरे, घराण्याचे चिन्ह किंवा पूर्ण नाव सापडते.

संग्राहक पैसे मोजतो ते या नावासाठी. नाव कळले की तो माणूस कोणत्या वर्षी फौजेत आला, कोणत्या लढाईत होता, कोठे मेला, हे शोधता येते. तीच तलवार नाव नसेल तर शोभेची वस्तू होते. नाव असेल तर ती एका माणसाच्या आयुष्याचा पुरावा ठरते, आणि बाजारात या दोघींच्या भावात फार मोठे अंतर पडते.

नावाची किंमत किती, याची दोन उदाहरणे

पहिले उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान शहीद झाले. त्यांच्या खासगी महालात सापडलेली एक तलवार हल्ल्याचे नेतृत्व करणाऱ्या मेजर जनरल डेव्हिड बेअर्ड यांना फौजेकडून भेट देण्यात आली. हे बेअर्ड त्याआधी १७८० नंतर सुमारे चार वर्षे त्याच श्रीरंगपट्टणात कैदेत होते. २३ मे २०२३ रोजी लंडनच्या बॉनहॅम्स या लिलावगृहात ही तलवार विकली गेली. अंदाज १५ ते २० लाख पौंडांचा होता. प्रत्यक्षात ती १ कोटी ४० लाख पौंडांच्या वर गेली. त्या वेळच्या दराने ही रक्कम १४० कोटी रुपयांहून अधिक होते. या तलवारीच्या मागे दोन माणसांची नावे होती, एक हरलेल्याचे आणि एक जिंकलेल्याचे. ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, त्याची साखळीही हाती होती.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्राचे. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावगृहात नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघूजी भोसले पहिले यांची तलवार निघाली. महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत ती मिळवली. वाहतूक, विमा वगैरे धरून सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तलवार मुंबईत आली. सरळ, एका धारेचे हे पाते युरोपात बनलेले आहे. अशा विलायती पात्याच्या तलवारीला आपल्याकडे फिरंग म्हणत. मूठ आपल्याकडची, सोन्याच्या कामाची. हिची ओळख पटली ती मुख्यतः पाठीवर, मुठीजवळ सोन्याच्या पाण्याने लिहिलेल्या देवनागरी अक्षरांमुळे. त्यात रघूजींचे नाव आणि सेनासाहेब सुभा हा किताब आहे.

आता कल्पना करा, मधल्या दोनशे वर्षांत एखाद्या हौशी माणसाने ही तलवार चकचकीत करण्यासाठी बफ मशीनवर धरली असती. फिरंग उरली असती. रघूजी उरले नसते.

दाढीचे ब्लेड आणि तलवारीची वही

आपल्यापैकी अनेकांनी विल्किन्सनच्या ब्लेडने दाढी केली असेल. पाकिटावर दोन तलवारींची फुली असते. ते नुसते चित्र नाही. १७७२ साली लंडनमध्ये हेन्री नॉक नावाच्या बंदूकसाजाने एक पेढी काढली. पुढे ती विल्किन्सन घराण्याकडे आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हेन्री विल्किन्सन यांनी तलवारींच्या कामात लक्ष घातले, आणि लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावरचे त्यांचे दुकान अधिकाऱ्यांचे आवडते झाले.

त्या काळी पाती वाकत, तुटत, अशी तक्रार फार होती. हेन्री विल्किन्सननी पाते दाबून, वाकवून, आपटून पाहण्याची रीत बसवली. जे पाते या कसोटीला उतरे त्याच्यावर मुठीजवळ पितळेची एक छोटी गोल टिकली बसवत. उत्तम प्रतीच्या पात्यावर टिकलीभोवती सहा कोनांचा तारा कोरलेला दिसतो.

याहून मोठी गोष्ट त्यांनी केली ती हिशेबाची. १८५० च्या दशकापासून अधिकाऱ्यांच्या चांगल्या तलवारींच्या पाठीवर, मुठीजवळ, अनुक्रमांक ठोकायला सुरुवात झाली. तो क्रमांक वहीत चढवायचा, पाते कसोटीला कधी उतरले ते लिहायचे आणि बहुतेक वेळा ज्याने विकत घेतली त्याचे नावही लिहायचे. कारखान्याचे तलवारींचे काम २००५ मध्ये बंद झाले, पण जुन्या वह्यांतील नोंदी टिकल्या आहेत. आज एखाद्या संग्राहकाला पाठीवरचे चार-पाच आकडे वाचता आले तर दीडशे वर्षांपूर्वी ती तलवार कोणासाठी बनली हे कळण्याची शक्यता असते.

व्यापारी बंधूंनी यातून एक धडा घेण्यासारखा आहे. मालावर क्रमांक टाकणे आणि तो वहीत नोंदणे याला विल्किन्सनच्या कारकुनाला दिवसाला थोडा वेळ लागत असेल. त्या नोंदीमुळे त्यांचा माल दीडशे वर्षांनंतरही दुसऱ्यांच्या मालापेक्षा चढ्या भावाने विकला जातो.

आकडे नीट वाचा. घाईत ३ चा ८ होतो, १ चा ७ होतो, आणि भलत्याच माणसाचे नाव तलवारीला चिकटते.

तलवार भेट देणारे व्यापारी

काही तलवारींवर नावाबरोबर ती का दिली गेली हेही लिहिलेले असते. अशी एक प्रसिद्ध जात आहे ती लंडनच्या लॉइड्सच्या देशभक्त निधीची. लॉइड्स म्हणजे जहाजांचा विमा उतरवणाऱ्यांचा अड्डा, जो मुळात एका कॉफीच्या दुकानात सुरू झाला. १८०३ मध्ये या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून एक निधी उभारला. त्यातून जखमींना आणि मेलेल्यांच्या घरच्यांना मदत दिली जाई आणि पराक्रम करणाऱ्या अधिकाऱ्यांना तलवारी. त्या १०० पौंड, ५० पौंड आणि ३० पौंड अशा तीन किमतींच्या होत. हुद्दा जेवढा मोठा तेवढी तलवार महाग. निळ्या पात्यावर सोनेरी अक्षरांत अधिकाऱ्याचे नाव, तारीख आणि कामगिरी लिहिलेली असे.

यातले एक प्रकरण मुंबईशी जोडलेले आहे. फेब्रुवारी १८०४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची व्यापारी जहाजे चीनहून माल भरून निघाली होती. मलायाजवळ पूलो ऑरा बेटापाशी फ्रेंच लढाऊ जहाजे आडवी आली. कमोडोर नॅथॅनिएल डान्स यांनी आपली व्यापारी जहाजे लढाऊ असल्याचा आव आणला आणि फ्रेंचांना हटवले. त्यांना निधीची १०० पौंडांची तलवार मिळाली. शिवाय मुंबईच्या एका विमा कंपनीने त्यांना ५,००० पौंड दिले. माल बुडाला असता तर विमेवाल्यांना त्याच्या कित्येक पट भरावे लागले असते, तेव्हा हा सौदा त्यांना स्वस्तात पडला.

विलायती मुठीवर मिस्री छाप, आपल्या मुठीत विलायती पाते

तलवारींचा व्यवहार नेहमी दोन्ही बाजूंनी चालला. ब्रिटिश सेनापतींच्या तलवारीचा १८३१ चा नमुना पाहा. पाते वक्र, मूठ हस्तिदंती, आडवी परज. हा घाट इंग्रजांचा नव्हे, मिसरच्या ममलुक स्वारांचा. १७९८ नंतर युरोपच्या फौजा मिसरमध्ये उतरल्या, तेथील तलवारी पाहून अधिकारी मोहात पडले आणि शेवटी तो घाट सरकारी नमुनाच झाला. अमेरिकेच्या मरीन अधिकाऱ्यांची तलवारही याच घाटाची आहे.

उलट बाजूचे उदाहरण हैदराबादचे. कॅप्टन लुई नोलन या घोडदळाच्या अधिकाऱ्याने १८५३ साली घोडदळावर पुस्तक लिहिले. निजामाच्या बिनकवायती स्वारांनी लढाईत केलेले वार पाहून इंग्रज चकित झाले होते. अशा तलवारी कोठून आणता, म्हणून चौकशी केली तेव्हा कळले की ती पाती इंग्रजी फौजेने मोडीत काढलेलीच होती. फरक एवढाच की आपल्या कारागिरांनी त्यांना देशी मूठ बसवली होती, धार उस्तऱ्यासारखी लावली होती आणि लाकडी म्यान दिले होते. इंग्रजी म्यान लोखंडी, त्यात पाते घासून बोथट होई. शिवाय हे स्वार गरज नसताना तलवार उपसत नसत.

म्हणजे ज्या पात्याला मालकांनी भंगार ठरवले त्याचेच आपल्या शिकलगाराने उत्तम हत्यार केले. हा इतिहास शिकलगार बंधूंनी आपल्या मुलांना सांगण्यासारखा आहे. आणि अशी जोडतलवार, विलायती पाते व देशी मूठ, हाती आली तर तिला नकली समजून मूठ काढून टाकू नका. तिचा इतिहास त्या जोडातच आहे.

तीन साक्षीदार

जुनी तलवार खरी की बनावट, आणि तिच्यावरचे नाव खरे की मागाहून कोरलेले, हे कसे ओळखावे? पुण्याच्या त्या गृहस्थांनी आम्हाला एक सोपी रीत सांगितली. तीन साक्षीदार तपासा, तिघांची जबानी जुळली पाहिजे.

पहिला साक्षीदार नमुना. ब्रिटिश पायदळाच्या अधिकाऱ्यांच्या तलवारीचेच पाहा. १८२२ च्या नमुन्याला पितळी जाळीदार मूठ. १८४५ पासून विल्किन्सन पद्धतीचे, रुंद खोलगट पन्हळ असलेले पाते. १८५४ मध्ये मुठीची दुमडणारी आतली पट्टी बंद झाली. १८९२ पासून सरळ, भोसकण्याचे पाते. १८९५ मध्ये पोलादी वाटीसारखी परज आली, आणि १८९७ मध्ये तिची आतली कड वळवून आजचा नमुना ठरला.

दुसरा साक्षीदार राजाची आद्याक्षरे. विल्यम चौथे १८३० ते १८३७, व्हिक्टोरिया राणी १८३७ ते १९०१, एडवर्ड सातवे १९०१ ते १९१०, जॉर्ज पाचवे १९१० ते १९३६. व्हिक्टोरियाची खूण 'व्ही आर'. ही अक्षरे पात्यावर आणि मुठीवर, अशी दोन्हीकडे असू शकतात. दोन्हीकडे दोन वेगळे राजे दिसले तर पाते किंवा मूठ बदलली आहे का, हे पाहावे.

तिसरा साक्षीदार मालकाचे नाव. ब्रिटिश फौजेच्या अधिकाऱ्यांच्या याद्या दरवर्षी छापल्या जात. हार्ट यांची यादी १८३९-४० च्या सुमारास सुरू झाली आणि तिच्यात अधिकाऱ्यांच्या लढायांची माहितीही आहे. कंपनीच्या फौजेची दप्तरे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुंबई इलाख्याचे जुने दप्तर मुंबईच्या पुराभिलेखागारात आहे. पुणे, खडकी, अहमदनगर येथील जुन्या कबरस्तानांतील दगडांवरही कित्येक नावे सापडतात.

आता तिघांची जबानी घ्या. समजा, नाव १८५७ मध्ये मेलेल्या अधिकाऱ्याचे आहे आणि मूठ १८९७ च्या नमुन्याची आहे. मग एकतर मूठ बदलली आहे किंवा नाव मागाहून कोणी कोरले आहे. अक्षरे कोरलेली आहेत, पण त्या अक्षरांच्या खाचा स्वच्छ आणि भोवतालचे पाते जुने डागाळलेले, असे दिसले तरी संशय घ्यावा.

येथे आम्हाला स्पष्ट बोलले पाहिजे. कोऱ्या तलवारीवर मोठ्या माणसाचे नाव कोरून देण्याची मागणी काही गिऱ्हाईक करतात, आणि चार पैशांसाठी काही कारागीर ते करून देतात. ही शुद्ध फसवणूक आहे. एका खोट्या नावामुळे त्या दुकानातल्या सगळ्या खऱ्या मालावरचा विश्वास उडतो. नवी तलवार नवी म्हणून विकण्यात काही कमीपणा नाही. देहरादूनला १९४३ पासून चालू असलेला विंडलास कारखाना अशा तलवारी बनवूनच परदेशात नावाजला आहे.

गंज ठेवायचा का?

आता चाचांचा प्रश्न. उत्तर असे की, लाल जिवंत गंज थांबवायचा, पण पाते पांढरे करायचे नाही. अधिकाऱ्याच्या पात्यावरची नक्षी आम्लाने खाऊन काढलेली असते. तिची खोली केसाएवढीही नसते. एमरी, ग्राइंडर किंवा बफ यांचा एक हात फिरला तरी ती जाते. पाठीवर ठोकलेले आकडे थोडे खोल असतात, पण दोन-तीन वेळा बफ झाला की तेही जातात. एकदा गेलेले परत येत नाही.

म्हणून तलवार हाती आली की पुढील क्रम ठेवावा.

पहिल्यांदा काहीही न करता दोन्ही बाजू, पाठ, मूठ आणि म्यानाची तोंडे यांचे तिरप्या उजेडात फोटो काढावेत. मग मऊ सुती फडक्याला हलके मशीनचे तेल लावून पाते पुसावे आणि एक दिवस तसेच ठेवावे. पुष्कळदा काळ्या थराखालून अक्षरे आपोआप दिसू लागतात. लिंबू, चिंच, आम्ल, वीटभुकटी यांना हात लावू नये. मुठीवर माशाची खरबरीत कातडी आणि तार असते, ती फाटली असली तरी काढून नवी चढवू नये. सुटलेली तार दोऱ्याने सांभाळून ठेवावी. तलवार चामड्याच्या म्यानात घालून पावसाळाभर ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. कोकण आणि मुंबईच्या हवेत तर दर महिन्याला तेलाचा हात द्यावा. उघड्या घामट हाताने पाते धरू नये. बोटांचे ठसे पोलादात कायमचे उमटतात.

आणि धार लावू नये. संग्रहाच्या तलवारीला धारेचे काम नाही. नवी धार म्हणजे किंमतही गेली आणि संशयही आला.

कायदा आधी, सौदा मागाहून

हा भाग आमच्या दुकानदार बंधूंनी दोनदा वाचावा. या धंद्यात अज्ञानामुळे तुरुंगाची पाळी येऊ शकते, आणि आमच्यासारख्यांच्या दुकानात तलवार सापडली की चौकशी सौम्य होत नाही, हा अनुभव सर्वांना आहे.

एक, शस्त्र कायदा १९५९. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे धारदार हत्यार या कायद्याच्या कक्षेत येते. घरगुती, शेतीची आणि उद्योगाची अवजारे वगळली आहेत. जेथे सरकारने तशी अधिसूचना काढली आहे तेथे तलवार बाळगायलाही परवाना लागतो. बनवणे, विकणे, दुरुस्त करणे यासाठी निराळी कलमे आहेत. आपल्या भागात काय लागू आहे हे वकिलाकडून आणि पोलीस ठाण्यातून लेखी विचारून घ्यावे. जुनी आहे, शोभेची आहे, एवढे तोंडी सांगून भागत नाही.

दोन, पोलिसांचे मनाई हुकूम. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली सार्वजनिक ठिकाणी तलवार नेण्यास बंदी घालता येते, आणि असे हुकूम वारंवार निघतात. तलवार उघडी नेऊ नये, मिरवणुकीसाठी भाड्याने तर मुळीच देऊ नये.

तीन, पुरावस्तू कायदा १९७२, जो ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला. शंभर वर्षांची झालेली तलवार पुरावस्तू ठरते. पुरावस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. बेकायदा निर्यातीला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. शंभर वर्षांची ही रेषा दरसाल पुढे सरकते. वडिलांनी घेतली तेव्हा जी पुरावस्तू नव्हती ती आज असू शकते. परदेशी गिऱ्हाईकाने कुरियरने पाठवा म्हटले तर नम्रपणे नाही म्हणावे.

चार, हस्तिदंत. वर सांगितलेल्या सेनापतींच्या तलवारींच्या मुठी हस्तिदंती असतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. अशी मूठ दिसली तर सौद्याला हात लावू नका.

पाच, खरेदीची पावती. कोणाकडून, कधी, किती रुपयांना घेतली, याची सहीनिशी नोंद ठेवा. चोरीचा माल अंगाशी येऊ नये म्हणून ती लागतेच. शिवाय तलवारीच्या इतिहासाचे ते नवे पान असते.

घरातली तलवार

शेवटी एक गोष्ट व्यापाराबाहेरची. आपल्यातल्या काही घरांत पणजोबा रिसालदार किंवा सुभेदार होते. त्यांची तलवार, पदके, पेन्शनचे कागद ट्रंकेत पडलेले असतात. वाटणीच्या वेळी तलवार एकाकडे, पदके सोनाराकडे आणि कागद रद्दीत जातात. असे करू नका. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकांपैकी पुष्कळांच्या कडेवर माणसाचे नाव आणि पलटण ठोकलेली असते. ते पदक तलवारीजवळ असेल तर नाव न कोरलेली तलवारही बोलू लागते. तिन्ही वस्तू एकत्र ठेवा. घरातल्या बुजुर्गांना विचारून, कोणाची तलवार, कोणती पलटण, कोठे लढले, हे एका कागदावर लिहून तारीख घाला आणि तो कागद तलवारीबरोबर ठेवा. विकायची वेळ आली तरी तिघांचे मोल एकत्रच होते. न विकल्यास मुलांना आपला पणजोबा नावानिशी कळतो.

त्या पुसलेल्या तलवारीचे काय झाले, हे वाचक विचारतील. ती शेठच्या दुकानात अजून आहे. ते ती विकत नाहीत, नव्या पोरांना दाखवायला ठेवली आहे. चाचांनी मात्र धंद्याची रीत बदलली. कोणी जुने हत्यार किंवा भांडे आणले की ते आधी तेलाचे फडके फिरवतात, खिडकीशी नेऊन भिंगातून पाहतात आणि काय दिसले ते गिऱ्हाईकाला सांगतात. मग साफ करायचे की नाही ते ठरते. या पाहण्याचे ते वेगळे पैसे घेतात. सुरुवातीला लोक कुरकुरले.

आम्ही गेल्या वेळी त्यांना भेटलो तेव्हा म्हणाले, "चमकवायचे पैसे पूर्वीही मिळत होते. न चमकवण्याचे पैसे मिळतात हे आता कळले."